गोष्टच नाही, तरी बघायचं?

प्रश्न : ताई, धाकट्या बहिणीच्या आग्रहाखातर मी 'निचिजोउ' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे तीन भाग पाहिले. शाळकरी मुली बडबडतात, काहीतरी चमत्कारिक होतं, भाग संपतो. गोष्ट म्हणून पुढे सरकत नाही. बहीण मात्र खो-खो हसते. असल्या मालिकांत लोकांना गोडी कसली वाटते?

उत्तर : गोष्टीची वाट बघत बसलात तर हात हलवतच परत याल, कारण ती तिथे ठेवलेलीच नाही. पण पहिल्या भागातलं ते सॉसेज आठवतंय का? यूकोच्या चॉपस्टिक्समधून एक तुकडा निसटतो. घटना एवढीच. तो जमिनीला लागू नये म्हणून तिची जी धडपड चालते, ती मात्र युद्धपटाच्या थाटात काढली आहे. २०११ मध्ये क्योतो अ‍ॅनिमेशननं एरवी हाणामारीच्या दृश्यांवर होते तेवढी मेहनत एका घासावर केली. मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात, तिथेही तोच खाक्या. क्षुल्लक गोष्टीला दिलेला हा अवास्तव मान, त्यातच सगळा विनोद.

या प्रकारातल्या बऱ्याच मालिका चार चौकटींच्या चित्रपट्ट्यांवरून निघाल्या : 'अझुमांगा दाइओ', 'लकी स्टार', 'के-ऑन!'. चौथ्या चौकटीपर्यंत विनोद आटपायचा, मग लांबण लावायला जागा कुठली? 'लकी स्टार'च्या पहिल्याच भागात मुली शिंगाच्या आकाराचा, चॉकलेट भरलेला पाव कुठल्या टोकाकडून खायचा यावर काथ्याकूट करतात. निकाल काय लागतो याच्याशी मला देणंघेणं नाही. कोण कशी वाद घालते, हे बघायचं.

खरी गंमत ओळख मुरल्यावर येते. माझी लाडकी 'अझुमांगा'मधली ओसाका. ओसाकाहून आली म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. तिकडची माणसं बोलकी, चटपटीत, अशी सगळ्यांची अपेक्षा. ही मात्र स्वतःच्याच तंद्रीत. सुट्टीत एका सकाळी ती युकारी बाईंना तवा बडवून उठवायला निघते आणि अर्धवट झोपेत हातात घेते सुरी. हे पहिल्या भागात दाखवलं असतं तर आपण दचकलो असतो. तोवर ओसाकाला पुरतं ओळखत असल्यामुळे हसू आवरत नाही. म्हणून तीन भाग कमीच.

आणि काहीच घडत नाही, हे तरी कुठे खरं? 'अझुमांगा'मध्ये तीन वर्षं सरतात, परीक्षा होतात, मुली शाळेतून बाहेर पडतात. १९६९ पासून चाललेल्या 'साझाए-सान'मध्ये मात्र कुणाचं वय वाढत नाही. मला पहिली तऱ्हा जास्त भावते. एरवी या प्रकारात नुसत्या गोंडस चेहऱ्यांवर वेळ मारून नेणाऱ्या मालिकाही ढिगानं आहेत. त्या कंटाळवाण्या वाटल्या तर खुशाल बंद करा.

प्रश्न : मधले भाग गाळले तर चालेल का? आणि एका बैठकीत किती बघावेत?

उत्तर : 'निचिजोउ'चे गाळा, फारसं अडणार नाही. 'अझुमांगा'चे नको. आणि दिवसाला एक, फार तर दोन. सलग आठ भाग बघितलेत तर ओसाकाचाही वैताग येईल, आणि मग पुढचं पत्र तिच्या तक्रारीचं येईल.