चौघांच्या टीमला कोणतं सीआय घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: टीम चौघांची, प्रायव्हेट रेपो (कोडचा साठा) गिटहबवर; सीआयसाठी, म्हणजे प्रत्येक बदलानंतर कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करायला, स्वतःच्या मशीनवर जेंकिन्स उभं करावं, गिटहबचंच ॲक्शन्स वापरावं की सगळंच गिटलॅबला हलवावं? मी म्हणेन, कोड जिथे आहे तिथलंच घ्या. म्हणजे ॲक्शन्स.

जेंकिन्सला नावं ठेवत नाही. 2011 साली हडसनमधून वेगळं झालं ते अजून भक्कम उभं आहे. पण ते फुकट असलं तरी सांभाळणारा फुकट नसतो. आमच्या कर्वेनगरच्या ऑफिसात टेबलाखाली जेंकिन्सचा डबा होता. प्लगइन अपडेट म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायचे. गुरुवारी लाइट गेली की यूपीएस अर्धा तास दम धरायचा, मग रिलीज उद्यावर.

आता हिशोब. गिटहबच्या फुकट प्लॅनवर प्रायव्हेट रेपोंना बिल्ड चालवायला महिन्याला 2,000 मिनिटं मिळतात, गिटलॅबवर 400. आठ मिनिटांचा बिल्ड, रोज दहा पुश (कोड रेपोत पाठवणं), 22 दिवस: 1,760. बसतंय, पण काठोकाठ. शिवाय प्रत्येक जॉब, म्हणजे बिल्डमधलं एकेक काम, पुढच्या पूर्ण मिनिटाला मोजतात, त्यामुळे वीस सेकंदांचे पाच जॉब पाच मिनिटं खातात. लिंटिंगसाठी (कोडची शैली तपासायला) वेगळा जॉब करायची हौस आवरा. आयफोनचं ॲप असेल तर मॅकची मिनिटं बरीच महाग पडतात, तेव्हा गणित नव्याने मांडा.

एका गोष्टीने माझ्या दोन रात्री खाल्ल्या. बिलाची तारीख तपासणारी टेस्ट दिवसा हिरवी, रात्री एकला पुश केलं की लाल. लॅपटॉपवर मात्र कधीही चालवा, पास! रनरचं, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या गिटहबच्या मशीनचं, घड्याळ यूटीसीवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे तारीख बदललेली, त्याच्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच. ठरल्या वेळी जॉब सोडणाऱ्या क्रॉनचंही तेच, रात्री दोनचा म्हणून लिहिलेला आमचा जॉब सकाळी साडेसातला, चहाच्या वेळी सुटायचा.

बिल्डच्या पायऱ्या ॲक्शन्सच्या सेटिंग फाइलमध्ये, म्हणजे यॅमलमध्ये, कोंबू नका. रेपोत एक शेल स्क्रिप्ट (कमांडची फाइल) ठेवा, यॅमलने फक्त ती चालवावी. ट्रॅव्हिस या दुसऱ्या सीआय सेवेची ओपन सोर्सवाली जुनी साइट 2021 च्या जूनमध्ये बंद झाली, तेव्हा ज्यांचं सगळं त्यांच्या फाइलमध्ये होतं ते लिहीत बसले. आमचा साइड प्रोजेक्ट एका दुपारीत हलला.

आणि बाहेरच्यांची ॲक्शन (बिल्डची तयार पायरी) घेताना टॅग (आवृत्तीचं नाव, ते दुसऱ्या कोडवर फिरवता येतं) नको, कमिटचा पूर्ण हॅश (त्या नेमक्या बदलाची न बदलणारी ओळख) लिहा. मार्च 2025 मध्ये एका लोकप्रिय ॲक्शनचे टॅग फिरवून त्यात पासवर्ड, टोकन लॉगमध्ये ओतणारा कोड घुसवला होता.