पजेरो राहू द्या, आधी ती ‘एफडी’ दाखवा

लातूरहून एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचं पत्र आलंय. वय ४४, घरात पत्नी, आई, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. दुकानावर १२ लाखांचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे व्यवसायासाठी लागेल तसं उचलायचं) कर्ज. दारात २००८ ची मित्सुबिशी पजेरो उभी आहे, इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, तडा गेलाय. दुबईचा एक विक्रेता जपानी गाडीतून उतरवलेलं तेच ४एम४० इंजिन १ लाख ६० हजारांना देतो म्हणतो. ‘सगळं मिळून अडीच लाख लागतील, मग गाडी सहा लाखांना सहज जाईल. पैशाची अडचण नाही. बँकेत २०२३ पासून दर जूनला लाखाची एफडी करतोय, तीन झाल्या, त्या मोडतो. इंजिन मागवू का?’ सोबत एफडीच्या कागदाचा फोटो.

भाऊ, नका मागवू. इंजिनचं लवकर उरकतो, कारण मला त्या फोटोवर बोलायचंय.

अडीच लाखांचा हिशोब विक्रेत्याचा आहे. १ लाख ६० हजारांवर जहाजभाडं आणि विमा धरला की दोन लाख. कस्टम ड्यूटी आणि जीएसटी त्या दोन लाखांवर लागतात, म्हणजे आणखी सत्तर-ऐंशी हजार. न्हावाशेव्याहून लातूर, क्लिअरिंग एजंट, बसवण्याची मजुरी, माउंटिंग, क्लच: साडेतीन लाख कुठेच गेले नाहीत. तेही माल आत आला तर! वापरलेलं इंजिन आयात करायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. विक्रेत्याला एवढंच विचारा, परवाना कुणाचा आणि बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद, कुणाच्या नावावर निघणार?

पुढे आरटीओ. इंजिन नंबर आरसीवर असतो. तो बदलायचा तर आधी परवानगी, मग नोंद, आणि नोंदीला इंजिन कुठून आलं त्याचे कागद. परस्पर बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला आणि विमा सर्व्हेयरला नंबर जुळला नाही, तर क्लेमचं काय होईल ते वेगळंच. मिस्त्री म्हणेल, पीयूसी निघतं. निघेलही. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात. तुमची गाडी इथल्या भारत स्टेज या प्रदूषण मानकावर पास झालेली, ते इंजिन जपानच्या नियमांसाठी बांधलेलं. नाव एक असलं म्हणून डिझेल पंप आणि ईजीआरची (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा) जुळणी एक असेलच असं नाही.

आणि सहा लाख कोण देणार? १५ वर्षं झाल्यावर २०२३ मध्ये आरसीचं नूतनीकरण झालं असेल, म्हणजे ती २०२८ पर्यंत. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालीय. घेणारा हे मोजूनच भाव करेल. हेड उतरवून ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, तपासून घ्या. ब्लॉक चांगला असेल तर नवं हेड टाका. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, तो तसाच राहतो आणि आरटीओचा विषयच येत नाही.

आता फोटो. त्यावर ‘विमाधन १० लाख’, ‘हप्ते १२ वर्षे’, ‘मुदत २० वर्षे’ असं छापलंय. ही एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. तुम्ही तीन ‘एफडी’ केल्या नाहीत, एकाच पॉलिसीचे तीन हप्ते भरलेत. बँकेच्या काउंटरवर दिली म्हणून ती ठेव होत नाही, आणि ज्यांनी दिली त्यांना हे पक्कं माहीत होतं.

मोडायला गेलात तर तीन लाख मिळणार नाहीत. तुमच्या पॉलिसीच्या वेळच्या नियमाने तिसऱ्या वर्षी हमीची सरेंडर रक्कम (पॉलिसी मोडल्यावर मिळणारी) भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के, म्हणजे लाखभर. चौथ्या वर्षापासून ५० टक्के. तेव्हा इंजिनचे पैसे मुळात हातात नाहीतच.

पुढे चालू ठेवायची? शाखेने वीस वर्षांनी २२ लाख सांगितलेत. बारा लाख भरून बावीस ऐकायला दुप्पट वाटतं. पैसे अडकून पडण्याची वर्षं मोजली तर परतावा चार टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्यातलाही बोनसचा भाग हमीचा नाही. पोस्टात यापेक्षा बरं मिळतं. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर विमाधन १० लाखांच्या चौथाईवर येतं, अडीच लाख अधिक आतापर्यंतचा बोनस, तेही १७ वर्षांनी. आजचा लाख सात टक्क्यांनी तेवढ्या वर्षांत सव्वातीन लाखांच्या जवळ जातो. माझा कल सरेंडरकडे आहे. एजंट म्हणेल, चौथा हप्ता भरा, टक्का वाढतो. लाख घालून सरेंडर रक्कम लाखानेही वाढत नाही. भरू नका.

मला खरी काळजी दुसरी आहे. तुम्हाला काही झालं तर १० लाख येतात आणि १२ लाखांचं सीसी उभं राहतं. गावोगावची उधारी सोयाबीन निघाल्याशिवाय येत नाही, आणि ती वसूल करायला तुम्ही नसाल. एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) साठीपर्यंत, तंबाखू नसेल तर वर्षाला पंचवीस-तीस हजार. चौघांचा १० लाखांचा आरोग्य विमा तेवढ्यातच. आईंचा वेगळा घ्यावा लागेल, वयामुळे महाग पडेल, तरी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून या वैयक्तिक विम्यांवर जीएसटी नाही. दोन्ही मिळून साठ हजार. जूनच्या त्या लाखातून भागतं, चाळीस हजार उरतात. तंबाखू खात असाल तर अर्जात खरं लिहा.

बँकेवर तक्रार जरूर करा. आधी विमा कंपनीकडे लेखी, समाधान नाही झालं तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे. प्रस्ताव अर्जाची प्रत मागा आणि त्यात तुमचं उत्पन्न काय भरलंय ते वाचा, बऱ्याचदा तिथेच थापा सापडतात. सही तुमची आहे, त्यामुळे पूर्ण पैसे परत येतील अशा भरवशावर राहू नका.

या आठवड्यात शाखेतून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ता न भरता जूनमध्ये चौथं वर्ष लागल्यावर किती. ते मला पाठवा, सरेंडरची तारीख तेव्हा ठरवू. टर्म प्लॅनचा अर्ज मात्र आजच भरा, तो मंजूर होईपर्यंत सरेंडरच्या कागदावर सही करू नका.