पिवळसर दात आणि पुढच्या दातांवरचे तपकिरी पट्टे: घरगुती उपाय चालू ठेवावेत की डेंटिस्टकडे ब्लीचिंग करावे?

आपण लिहिले आहे की आपले बालपण यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात बोअरच्या पाण्यावर गेले, दात एकंदर पिवळसर असून वरच्या पुढच्या दोन दातांवर तपकिरी पट्टे आहेत, आणि व्हिडिओ पाहून लिंबू व खाण्याचा सोडा दातांवर चोळायला लागल्यापासून थंड पाणी प्यायले की कळ जाते. मी दंतवैद्य आहे आणि असे दात घेऊन येणारे रुग्ण मी नेहमी तपासतो. बाकी सर्व सांगण्यापूर्वी एक विनंती करतो: लिंबू आजपासून बंद करा.

लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण २ ते २.५ असतो आणि दातांचे वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, पीएच ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते. रस लागल्यावर वरचा थर मऊ पडतो आणि त्याच वेळी आपण ब्रश फिरवत असल्यामुळे तो मऊ थर घासून निघतो. सोड्याला मी फारसा दोष देणार नाही, कारण तो सौम्य आहे आणि काही टूथपेस्टमध्येही वापरला जातो. परंतु लिंबात मिसळताच जो फेस येतो त्याला लोक सफाई समजतात, प्रत्यक्षात दोन्ही पदार्थ तेथे एकमेकांना निष्प्रभ करत असतात आणि लिंबू जास्त पडले असेल तर आम्ल शिल्लक राहतेच. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे झिजलेले इनॅमल पुन्हा वाढत नाही. शिवाय इनॅमल अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळे असते. म्हणजे आवरण जितके पातळ होईल तितका आतला पिवळा रंग अधिक दिसेल आणि थंड-गरमची जाणीवही वाढेल. आपल्याला जी कळ येते आहे तिचे कारण बहुधा हेच आहे. कोळशाची पूड, राखुंडी किंवा जाड मीठ यांनी घासण्याचा परिणामही, आम्ल नसले तरी, झिजण्याच्या दिशेनेच होतो.

घरी की दवाखान्यात, हे ठरवण्याआधी रंग दाताच्या कोणत्या थरात आहे ते पाहावे लागते. चहा, कॉफी, तंबाखू, पान आणि मिश्री यांचे डाग वरच्या पृष्ठभागावर बसतात. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे माउथवॉश दीर्घकाळ वापरल्यानेही तसाच तपकिरी थर येतो. अशा डागांना ब्लीचिंगची गरजच नसते. स्केलिंग (उपकरणाने दातांवरचे कीटण काढणे) आणि पॉलिशिंगमध्ये ते कीटणासह निघून जातात. स्केलिंगने दात हलू लागतात ही समजूत आमच्याकडे फार घट्ट आहे. परंतु हिरडीखालचे हाड आधीच झिजलेले असते, कीटणाच्या थराने ते झाकलेले असते, आणि थर निघाल्यावर दातांमधल्या फटी दिसू लागतात एवढेच घडते. आपला एकंदर पिवळसरपणा कदाचित स्केलिंगनेच बराच कमी होईल. त्यानंतर जो रंग उरेल तो आपल्या दातांचा स्वतःचा रंग. तो किंचित पिवळसर असणे हे निरोगी दाताचे लक्षण आहे आणि सुळे तर इतर दातांपेक्षा नेहमीच गडद असतात.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. आपण दिलेल्या वर्णनावरून ते फ्लोरोसिसचे, म्हणजे लहानपणी पोटात गेलेल्या जास्त फ्लोराइडचे, असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत जमिनीखालच्या खडकांतून फ्लोराइड पाण्यात उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले जाते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पुढचे कायमचे दात जबड्यात घडत असतात तो काळ म्हणजे जन्मानंतरची पहिली चार-पाच वर्षे. या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेले तर इनॅमल सच्छिद्र बनते. दात उगवतो तेव्हा तो खडूसारखा पांढुरका दिसतो आणि नंतर त्या छिद्रांत बाहेरचे रंग मुरून तपकिरी पट्टे तयार होतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ मध्ये असे डाग पाहून त्यांचा पाठपुरावा सुरू केला, आणि त्यामागे पाण्यातील फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये उघड झाले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की आमच्याकडे या डागांसाठी आजही मुलांना ‘नीट घासत नाहीस’ म्हणून बोल लावले जातात. हे डाग अस्वच्छतेचे नसतात. ते घासून निघत नाहीत, आणि त्यात आपला काहीही दोष नाही.

त्यांवर उपाय आहेत. डाग उथळ असतील तर मायक्रोअॅब्रेजन करतात: हिरड्यांना रबरी पडद्याने झाकून, मोजक्या तीव्रतेचे आम्ल आणि बारीक घासणी यांनी वरचा अत्यंत पातळ थर काढला जातो. आम्ल वाईट म्हणून सांगितल्यावर हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटेल. फरक असा की येथे डागापुरते, काही सेकंद, डोळ्यांसमोर काम चालते आणि नंतर फ्लोराइड लावले जाते. दुसऱ्या पद्धतीत छिद्रांत रेझिन हा पातळ, नंतर घट्ट होणारा पदार्थ मुरवून डागाचा उठाव कमी केला जातो. डाग खोल असतील तर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे फिलिंग) किंवा व्हीनियरचा (दातावर पुढून चिकटवायची पातळ चकती) विचार करावा लागतो, परंतु व्हीनियरसाठी बहुधा निरोगी दातही थोडा घासावा लागतो, म्हणून ते शेवटी ठेवावे असे माझे मत आहे.

ब्लीचिंगमध्ये काहीही घासले जात नाही. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपते आणि रंग देणाऱ्या रेणूंचे विघटन करते. दवाखान्यात २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हिरड्यांवर संरक्षक थर लावून वापरले जाते. सोबतच्या निळ्या दिव्याचा किंवा लेसरचा जो गाजावाजा होतो, त्याने अंतिम परिणामात फारशी भर पडत नाही. दात तासभर कोरडे राहिल्याने त्याच दिवशी ते अधिक पांढरे दिसतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ओलावा परतल्यावर थोडे उतरतात, हेही आधीच माहीत असावे.

मला स्वतःला घरी करायची, पण डेंटिस्टने आखून दिलेली पद्धत अधिक पसंत आहे. आपल्या दातांचे माप घेऊन त्यावर पातळ पारदर्शक ट्रे बनवतात. प्रत्येक दाताच्या घरात, पुढच्या बाजूस, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या जेलचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब घालून तो ट्रे रात्री लावायचा, आणि हिरडीवर आलेले जेल ओल्या कापडाने टिपून घ्यायचे. ही पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तिचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. या जेलमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, त्यामुळे परिणाम दोन-तीन आठवड्यांत सावकाश येतो, पण दात कमी ठणकतात. फ्लोरोसिसच्या दातांत सुरुवातीला पांढुरके डाग अधिक उठून दिसतात. त्याने घाबरून मध्येच थांबू नये, कारण आजूबाजूचा दात उजळत जातो तसा तो फरक कमी होतो.

आपल्या बाबतीत मात्र ब्लीचिंग लगेच सुरू करू नये. कळ चालू असताना पेरॉक्साइड लावल्यास ती वाढेल. आधी कीड, चीर किंवा उघडे पडलेले मूळ आहे का हे तपासून घ्या, आणि काही आठवडे पोटॅशियम नायट्रेट (कळ कमी करणारा घटक) व फ्लोराइड असलेली टूथपेस्ट मऊ ब्रशने वापरा. मग स्केलिंग, त्यानंतर ब्लीचिंग, आणि पट्टे उरलेच तर मायक्रोअॅब्रेजन किंवा रेझिन, असा क्रम मला योग्य वाटतो. प्रत्यक्ष तपासणीनंतर आपले डेंटिस्ट तो बदलू शकतात. पुढच्या दातांत जुने फिलिंग असेल तर त्याचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, म्हणून ते नंतर बदलावे लागते, आणि तेही सुमारे दोन आठवडे थांबून, कारण दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे नवे फिलिंग नीट चिकटत नाही. गरोदरपणात, स्तनपानाच्या काळात आणि १८ वर्षांखालील मुलांना हे उपचार टाळलेले बरे. ब्युटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवलेल्या, तीव्रता न छापलेल्या जेलने ब्लीचिंग करू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

खर्चाची अडचण असेल तर नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तपासणी व स्केलिंग खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होते. आपल्यासाठी नागपूर सोयीचे पडेल. तेथे जाताना बालपण कोणत्या गावी गेले आणि पाणी कोणते होते हे आवर्जून सांगा, आणि घरात पाच वर्षांखालील मुले त्याच बोअरचे पाणी पीत असतील तर त्या पाण्याची फ्लोराइड तपासणी ग्रामपंचायतीमार्फत करून घ्या. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते.