इंग्रजीत ७८ गुण, पण बोलता येत नाही

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. वार्षिक परीक्षेत इंग्रजीत ७८ गुण मिळाले. घरी पाहुण्यांनी इंग्रजीत काही विचारलं, तर तोंडातून शब्द फुटत नाही. हे गुण खरे मानायचे का? (पालक, सातारा)

उत्तर : गुण खरेच आहेत, फक्त ते बोलण्याचे नाहीत. तृतीय भाषा इंग्रजीच्या १०० गुणांपैकी ८० लेखी असतात. बोलणं आणि ऐकणं उरलेल्या २० अंतर्गत गुणांत येतं आणि ते गुण शाळाच देते. २०१८-१९ मध्ये दहावीचे हे २० गुण काढून भाषांची परीक्षा पूर्ण लेखी केली होती. त्या वर्षी दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. तेव्हा सगळी चर्चा निकालाच्या टक्क्यांची झाली. खरं तर हे गुण नसते, तर मुलांना बोलतं करायचं कारणच वर्गात उरलं नसतं.

घरी रोज दहा मिनिटं पुरतात. पाठातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगा, मग पुस्तक मिटून तेच तीन वाक्यांत सांगू द्या. मध्येच टोकू नका. शेवटी एकच चूक दाखवा. मराठी मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. ‘तू काय करतोस’मध्ये शब्दांची जागा बदलावी लागत नाही, म्हणून ‘व्हॉट यू आर डूइंग’ होतं. ‘मला म्हणाला’वरून ‘ही सेड मी’ येतं. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ तर गळतातच, कारण मराठीत तसं काही नाही.

प्रश्न : माझ्या वर्गात ६० मुलं आहेत. तोंडी परीक्षा नीट घ्यायला वेळ कुठून आणायचा? शेवटी अंदाजानेच गुण भरले जातात. (शिक्षिका, जालना)

उत्तर : एकेकाला बोलावलं तर वेळ पुरणार नाहीच. जोड्या लावा. ३० जोड्या, प्रत्येकीला ४ मिनिटं, म्हणजे १२० मिनिटं. ३५ मिनिटांचा तास धरला तर चार तासांत काम होतं. एका आठवड्यात उरकू नका, महिन्याभरात पसरा. बाकीच्या मुलांना त्या वेळी लेखी काम द्या. जोडीला चिठ्ठीवर प्रसंग द्यायचा : एसटीच्या चौकशी खिडकीवर, दवाखान्यात, ग्रंथालयात. चिठ्ठ्या पंधरा तरी हव्यात, नाहीतर तिसऱ्या जोडीपासून पाठ केलेले संवाद ऐकू येतात. गुण देताना चारच गोष्टी पाहा : समोरच्याचं ऐकून उत्तर दिलं का, वाक्य पूर्ण केलं का, उच्चार कळले का, अडलं तर वेगळ्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला का. व्याकरणाची चूक अर्थ बिघडवत असेल तरच मोजा.

श्रवणाची चाचणी सगळ्या वर्गाची एकदम होते. १२० ते १५० शब्दांचा, मुलांनी न वाचलेला उतारा घ्या. आधी प्रश्न फळ्यावर लिहा, मग उतारा नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं दोनदा वाचा. श्रुतलेखनासारखं थांबत थांबत वाचलं की मुलं शब्द पकडतात आणि अर्थ सोडतात. दुसरी चूक प्रश्नांची. ‘सूर्य कुठे उगवतो’सारखा प्रश्न असेल तर उतारा न ऐकताही उत्तर येतं. आणि स्पेलिंगचे गुण कापू नका, नाहीतर ती शुद्धलेखनाची परीक्षा होते.

प्रश्न : गाईडमधली सगळी उत्तरं पाठ केली, तरी प्रिलिममध्ये ८० पैकी ४१. चुकतंय कुठे? (दहावीतला विद्यार्थी, कणकवली)

उत्तर : पाठांतरातच. आता येते ती प्रश्नपत्रिका नव्हे, कृतिपत्रिका, म्हणजे दिलेला मजकूर वाचून त्यावर कृती करायच्या. पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना मिळून २० गुण आहेत, पण उतारा समोर छापलेलाच असतो. तिथे स्मरणशक्ती नाही, वाचन तपासतात. न वाचलेला उतारा १० गुणांचा आणि त्याचा सारांश ५ गुणांचा. सारांशात बहुतेक मुलं उताऱ्यातलीच तीन-चार वाक्यं उचलून ठेवतात. मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश लांबी, स्वतःची वाक्यं आणि वर शीर्षक, एवढं पाहा. उदाहरणं आणि आकडे गाळा.

लेखनकौशल्यावर २० गुण आहेत : पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, बातमी किंवा कथा, प्रत्येकी ५. पाठ केलेलं पत्र इथेच फसतं. सोबत जाहिरात दिलेली असते आणि तिच्यातली तारीख, ठिकाण, वेळ पत्रात उतरत नाही. तक्त्यावरून परिच्छेद लिहिताना एखादी नोंद सुटली की गुण गेला, म्हणून लिहून झाल्यावर तक्त्यातल्या नोंदींवर पेन्सिलनं खुणा करत जा. भाषांतराच्या ५ गुणांत म्हणीला १ गुण आहे. ती शब्दशः उलटवू नका, तिच्या अर्थाची मराठी म्हण लिहा. पहिला भाषाभ्यासाचा प्रश्न १० गुणांचा. शब्दसाखळी, वर्णानुक्रम, विरामचिन्हं. सर्वांत सोपे गुण तेच, पण घाईत ‘वर्णानुक्रमे लावा’ ही सूचना न वाचता मुलं वाक्यं करत बसतात.

प्रश्न : सेमी-इंग्रजीच्या मुलांचा इंग्रजीचा पेपर वेगळा असतो का? (पालक, नाशिक)

उत्तर : नाही. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं. मराठी प्रथम भाषा घेतलेल्या मुलाला इंग्रजी तृतीय भाषाच राहते आणि कृतिपत्रिका तीच.