अष्टमीच्या भरतीत दीपगृहाची सफर

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. फेब्रुवारीत एका आयोजकाची संध्याकाळची सहल घेतली : कुलाब्याचा कोळीवाडा, मग होडीनं प्राँग्ज दीपगृह. जाहिरातीत होतं, ‘ओहोटीत खडकांवरून चालत दीपगृहापर्यंत, वरून सूर्यास्त.’ चौघांचे ८,८०० रुपये भरले. कोळीवाडा छान दाखवला. दीपगृहापाशी मात्र होडीनं एक गिरकी घेतली आणि परत. ‘पाणी जास्त आहे, शिवाय आत जायची परवानगी मिळाली नाही, आमच्या हातात काही नाही,’ असं गाइड म्हणाला. होडीचा तांडेल (होडी चालवणारा) तर आधीच पुटपुटत होता, ‘आज आठम हाय, पानी कवा उतरंल?’ अंधारात धक्क्यावर उतरताना सासूबाई घसरल्या, मनगट मोडलं, ३८,००० खर्च आला. आयोजक म्हणतो, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या चौकटीत तुम्ही टिचकी मारली आहे, आणि पैसे परत मिळणार नाहीत असंही लिहिलं होतं. मी रिव्ह्यू लिहिला तर अब्रुनुकसानीची धमकी. तांडेलावरही केस करावी का? ता. क. : ‘बंद बूट घालून या’ असा मेसेज आला होता, सासूबाई मात्र चपला घालून आल्या होत्या.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तांडेलाचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

किनाऱ्यावर भरतीचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास, सूर्य टेकायच्या वेळेलाच, पाणी भरलेलं. ओहोटी दुपारी बाराच्या आसपास होऊन गेलेली. त्यात अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो; पाणी फार मागेही हटत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जे दिसतं, ते तिकिटं विकणाऱ्याला दिसलं नाही असं त्यानं म्हणू नये.

‘आमच्या हातात नव्हतं’ हा बचाव इथंच कोसळतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ मध्ये एक परिच्छेद आहे, वकीलही तो क्वचितच वाचतात : अशक्य किंवा बेकायदा गोष्टीचं वचन देणाऱ्याला ते ठाऊक होतं, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळलं असतं, आणि समोरच्याला कल्पना नव्हती, तर वचन देणाऱ्यानं नुकसान भरून द्यायचं. अवचित वादळ आलं असतं तर गोष्ट वेगळी. भरती अवचित येत नाही.

परवानगीचंही तेच. १८७५ पासून उभं असलेलं हे दीपगृह केंद्र सरकारच्या दीपगृह खात्याकडे आहे आणि तिकडची वाट नौदलाच्या हद्दीतून जाते. परवानगी हातात नसताना ‘वरून सूर्यास्त’ विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटीही. ‘पैसे परत नाहीत’ ही अट तुम्ही रद्द केलेल्या बुकिंगला लागेल. त्यानं न दिलेल्या सेवेला ती कशी लागेल?

एक सावधगिरी. त्या अटींना ‘अनुचित करार’ ठरवा अशी मागणी तक्रारीत घालू नका. अनुचित कराराच्या तक्रारी कायद्यानं राज्य ग्राहक आयोगाकडे सोपवल्या आहेत, जिल्हा आयोगात त्यावर फुकट वाद होईल. त्रुटी आणि जाहिरात, एवढंच धरा. तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे वांद्र्याचा मुंबई उपनगर जिल्हा आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं, पण इतकं थांबू नका. आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. जाहिरात, व्हॉट्सॲपचं संभाषण आणि यूपीआयची पावती जपा, फोन बदलू नका.

आता मनगट. इथं मी तुम्हाला मोठी आशा लावणार नाही. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ म्हणजे समुद्राचे नेहमीचे धोके तुम्ही पत्करले. आयोजकाचा हलगर्जीपणा पत्करलेला नाही. शेवाळलेल्या पायऱ्या, अंधार, हात द्यायला कुणी नाही, टॉर्च नाही : हे सिद्ध झालं तर दावा उभा राहतो. पण ‘बंद बूट घालून या’ असा मेसेज आल्याचं आणि सासूबाई चपला घालून गेल्याचं तुम्हीच पत्राच्या शेवटी सहज लिहिलं आहे. समोरचा वकील तेवढंच वाचून दाखवेल. उपचाराची बिलं आणि त्या रात्रीच्या केसपेपरवर ‘धक्क्यावर घसरून’ असं लिहिलंय का ते आजच पाहा. रक्कम मागा, पण पूर्ण मिळेल असं गृहीत धरू नका.

होडीबद्दल एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तो मी विचारतो. ती मासेमारीची होती की प्रवासी? प्रवासी वाहतुकीचा परवाना महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड देतं. फोटोत होडीचा क्रमांक दिसत असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. परवाना नसेल तर आयोजकाची बाजू आणखी लंगडी होईल. लाइफ जॅकेटं दिली होती का, हेही तक्रारीत लिहा.

रिव्ह्यू काढू नका, पण ‘चोर’, ‘लुटारू’ असे शब्द असतील तर वगळा. काय कबूल केलं, काय दिलं, कुठल्या तारखेला, एवढंच ठेवा. भारतीय न्याय संहितेत लोकहितासाठी केलेलं खरं विधान अब्रुनुकसानीतून वगळलेलं आहे. धमकीचा मेसेज मात्र नोटिशीला जोडा.

तांडेलावर केस? पैसे तुम्ही आयोजकाला दिले, वचन त्यानं दिलं, तांडेल त्याचा भाडोत्री. परवान्याचं उत्तर येईपर्यंत तरी त्याला सामनेवाला करू नका. शनिवारी धक्क्यावर जाऊन त्याला भेटा. आठमीला पाणी उतरत नाही हे त्यानं आयोजकाला आधी सांगितलं होतं का, एवढंच विचारा. हो म्हणाला, तर प्रतिज्ञापत्र घ्यायला मी येतो.