स्पेशल कलरची उरलेली शाई: आधी वजन, मग मिश्रण

लग्नसराई संपली की मारून (गर्द तपकिरी लाल), सोनेरी, मोरपिशी अशा स्पेशल कलरच्या, म्हणजे खास छटेसाठी मिसळून केलेल्या छपाईच्या शाईचे अर्धवट डबे कपाटात साठतात, त्यांचे काय करावे, असे आपण विचारले आहे. पुण्यातल्या पेठांमध्ये ऑफसेटवर बरीच वर्षे काम केल्यावर मला असे दिसते की, ही शाई बहुधा मिश्रण करतानाच जास्त झालेली असते. कमी पडली तर तीच छटा पुन्हा जुळणार नाही, या धास्तीने आपण किलोभर जास्त घोटतो. मीही एका पत्रिकेसाठी दोन किलो मारून केला होता आणि त्यातला सव्वा किलो तसाच उरला.

म्हणून आधी हिशेब मांडावा. १८ × २३ इंची ताव सुमारे ०.२७ चौरस मीटरचा असतो. ५,००० ताव आणि २० टक्के छपाईक्षेत्र धरल्यास सुमारे २७० चौरस मीटर होतात. आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर, चौरस मीटरला दीड ग्रॅम धरले, तर शाई ४०० ग्रॅमच्या आसपास लागते. मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला साधा छपाईचा कागद, शाई जास्त पितो. डक्ट (मशीनमधली शाईची पन्हळ) आणि रोलर यांच्यासाठी आमच्या मशीनवर आणखी पाव किलो लागते, ती आपल्या मशीनवर किती लागते, हे एकदा प्रत्यक्ष तोलून पाहावे. मिश्रणाचे सूत्र, म्हणजे कोणता रंग किती घातला ते, ग्रॅममध्ये लिहून ठेवले असेल, तर कमी पडलेली शाई पुन्हा करण्याची भीती उरत नाही. मजकूर अर्ध्याच रुंदीत असेल, तर डक्टमध्ये आडोसे लावावेत, म्हणजे शाई तेवढ्याच भागात भरावी लागते.

उरलेली शाई लहान डब्यात घट्ट भरून, वर बटर पेपर हवा न राहील असा दाबून बसवावा. तरीही साय धरलीच, तर ती सुरीने कडेने सोडवून अखंड उचलावी; घाईत ढवळली, तर तिचे कण ब्लँकेटवर (कागदावर ठसा उमटवणाऱ्या रबरी पत्र्यावर) जाऊन प्रत्येक तावावर ठिपके उमटवतात. डब्यावर सूत्र, तारीख, वजन आणि कामाच्याच कागदावर त्या शाईची ओढलेली नमुना पट्टी चिकटवावी. पट्टी नसलेला डबा सहा महिन्यांनी कोणीही ओळखत नाही.

असे डबे पुढच्या गडद मिश्रणात ५ ते १० टक्के घालता येतात. मारून तपकिरीत जिरतो, काळ्यात जवळजवळ सर्वच गडद रंग जिरतात. पिवळ्यात मात्र काहीही जुने घालू नये. यूव्ही (अतिनील प्रकाशाने सुकणारी) आणि साधी शाई कधीही एकत्र करू नये, धातूच्या रंगाची शाई वेगळी ठेवावी आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी उरलेली शाई वापरूच नये.

जी शाई खरोखरच वाया गेली, ती आणि शाईच्या चिंध्या घंटागाडीत किंवा भंगारात देऊ नयेत. २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार हा घातक कचरा आहे आणि तो आवारात साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो; आपल्या पुणे भागासाठी अशा कचऱ्याचे प्रक्रिया केंद्र रांजणगावला आहे.