आर्मीत गेला की पेपर्स होतात का?

मागच्या अंकात एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, लिहिलं आणि मेसेजचा नुसता ढीग लागला. निम्मे स्टॅम्पिंगच्या तारखा विचारणारे, ते पुढच्या वेळी बघू, पण त्यात चार जणांनी वेगवेगळ्या बाजूंनी एकच गोष्ट विचारली होती, अमेरिकेच्या आर्मीत गेलं की तिकडचे कागद (ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहायचा परवाना, नाहीतर सिटिझनशिप) होतात का, म्हणून आज तेवढंच घेते.

प्रश्न: ताई, माझ्या बहिणीचा नातू तीन वर्षांचा असताना, २००८ च्या नोव्हेंबरात, आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेला. पुढच्या वर्षी मंदीत वडिलांची नोकरी गेली, मग व्हिसा संपला, आणि आज निघू उद्या निघू करत ते तिकडेच राहिले. आता पोरगा २० वर्षांचा आहे, मराठी बोलतो पण वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नावाने पोस्टाने एक कार्ड आलं, वर सिलेक्टिव्ह सर्व्हिस छापलंय, खाली नाव आणि नंबर. व्हिडिओ कॉलवर त्याने ते आम्हाला दाखवलं. त्याचे वडील म्हणतात सिलेक्शन झालंय, आर्मीने बोलावलं की जायचं आणि मग सिटिझनशिप मिळते. खरंय का? आणि मे महिन्यात बहिणीची पंचाहत्तरी आहे, त्याला तेवढ्यापुरतं बोलावून घेतलं तर?
(एक मावशी, ऐरोली)

उत्तर: मावशी, आधी पंचाहत्तरीचं सांगते कारण ते तातडीचं आहे. त्याला बोलावू नका. म्हणजे विमानात कोणी अडवणार नाही, तो येईल, केक कापेल, पण परत जाता येणार नाही. १९९६ च्या तिकडच्या कायद्यात असं आहे की कागदाशिवाय एक वर्ष किंवा जास्त राहून जो देशाबाहेर पडला त्याला १० वर्षं परत प्रवेश नाही, १८० दिवसांच्या वर पण वर्षाच्या आत असेल तर ३ वर्षं. हे दिवस १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मोजायला लागतात, लहानपणीचे धरत नाहीत. हा १९ चा झाला तेव्हाच १० वर्षंवाल्या खात्यात गेला. त्याला आता ठाण्यात यायचं असेल तर कायमचं यायचं असं धरूनच यावं लागेल, आणि तो निर्णय त्याने स्वतः, तिकडच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यायचा, आपण इकडून वाढदिवसाच्या हॉलचं बुकिंग करून नाही.

आता ते कार्ड. नावात सिलेक्टिव्ह आहे म्हणून सिलेक्शन, हा घोटाळा होणारच, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. ते निवडीचं कार्ड नाही, नावनोंदणीची पोच आहे. तिकडे १८ ते २५ वयाच्या जवळजवळ सगळ्या मुलांची नोंद सरकारकडे लागते, उद्या मोठं युद्ध झालं आणि सक्तीची भरती करावी लागली तर हाताशी यादी असावी म्हणून. सक्तीची भरती १९७३ लाच बंद झाली, यादीचं काम मात्र १९८० पासून परत सुरू आहे. आणि गंमत बघा, तुमच्या नातवाच्या वर्गातला जो मुलगा आईच्या पदराला धरून एच-फोर व्हिसावर (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाला मिळतो तो) व्यवस्थित राहतोय त्याला ही नोंद करायची गरज नाही, आणि ज्याच्याकडे काहीच कागद नाही त्याला मात्र सक्तीची आहे. म्हणजे भरतीच्या ऑफिसात गेला तर परत पाठवतील, पण यादीत नाव हवंच! तरी कार्ड फेकू नका, फाइलला लावून ठेवा. पुढे कधी नशिबाने सिटिझनशिपचा अर्ज करायची वेळ आलीच तर नोंद केली होती का हे तिथे विचारतात. त्या नोंदणीत इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत, तेव्हा त्या कार्डामुळे घरी कोणी येईल ही भीतीही नको.

वडील सांगतायत ते हवेतलं नाहीये, अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलंच जास्त गोंधळ घालतं. ३ जुलै २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढला की ११ सप्टेंबर २००१ पासून जे सैन्यात आहेत त्यांना लवकर नागरिकत्वाचा अर्ज करता येईल, आणि या तरतुदीत ग्रीन कार्ड आधी असलंच पाहिजे असंही नाही. इथवर वडिलांचं बरोबर. पण सैन्यात घ्यायचं कोणाला याचा कायदा वेगळा आहे, त्यात नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि पॅसिफिकमधल्या दोन-तीन बेटांच्या देशांचे लोक एवढेच बसतात, बाकी कोणाला घ्यायचं तर देशाच्या हितासाठी अत्यावश्यक असं ठरवून खास परवानगी लागते. म्हणजे वरच्या मजल्यावर फ्लॅटचं दार सताड उघडं आहे पण सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीवाला आत सोडत नाहीये, अशी गत.

हे गेट उघडायचे प्रयत्न झाले. २००१ मध्ये डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच या दोन पक्षांच्या दोन सिनेटरांनी मिळून, लहानपणी तिकडे आलेल्या कागद नसलेल्या मुलांसाठी, ड्रीम ॲक्ट मांडला, त्यातूनच या मुलांना ड्रीमर्स म्हणायला लागले. पुढे बोलणी होती ती अशी की १६ च्या आत आलेला, ५ वर्षं राहिलेला, शाळा पूर्ण केलेला मुलगा असेल तर त्याने दोन वर्षं कॉलेज करावं नाहीतर दोन वर्षं सैन्यात जावं, मग पक्के कागद. डिसेंबर २०१० मध्ये हाउसमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकसभेत, ते २१६ विरुद्ध १९८ ने पास झालं आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडकलं, ६० मतं हवी होती, ५५ पडली. मग जेफ डेनहॅम नावाच्या रिपब्लिकन खासदाराने फक्त सैन्यापुरतं एक छोटं बिल आणलं, एनलिस्ट ॲक्ट, तेही राहिलं. मला स्वतःला ती कॉलेज किंवा आर्मी ही अट तेव्हाही खटकली होती, कारण कागद नसलेल्या मुलाला फेडरल स्टुडंट लोन मिळत नाही, मग ज्याच्या बापाकडे फी भरायला पैसे तो कॉलेजात आणि ज्याच्याकडे नाहीत तो बंदूक घेऊन, दोघांना सारखा चॉइस दिला असं कसं म्हणायचं. पण निदान दार तरी होतं.

डाका तुम्ही ऐकलं असेल, याच मुलांना तात्पुरतं राहू देणारी योजना, ओबामांनी १५ जून २०१२ ला जाहीर केलं ते. त्यात दोन-दोन वर्षांचं वर्क परमिट मिळतं, ग्रीन कार्ड नाही. ट्रम्प सरकारने २०१७ ला बंद करायला घेतलं, २०२० ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने बंद करायची ती पद्धत चुकीची ठरवली, आणि टेक्सास राज्याने डाकाविरुद्ध केलेल्या केसमुळे जुलै २०२१ पासून नवीन अर्ज मंजूर होत नाहीत, फक्त जुन्यांचं रिन्यू. पण तुमच्या नातवाला हे सगळं लागूच नाही, कारण अट आहे १५ जून २००७ पासून सलग तिथे असण्याची आणि तो पोचला नोव्हेंबर २००८ ला. सतरा महिन्यांनी हुकलं.

एक शेवटचं. आपल्याकडे कोर्टनाक्यावर नोटरी बसतो तो वकील असतो, तिकडे नोटरी म्हणजे फक्त सही-शिक्क्याचा माणूस, आणि त्याच पाटीखाली इमिग्रेशनचे फॉर्म भरून देतो म्हणून फसवणारे तिकडे खूप आहेत. वडिलांना सांगा, लायसन्सवाला वकीलच.

प्रश्न: ताई, या फॉलला एमएसला चाललोय. वाशीतला एक कन्सल्टंट म्हणतो की मावनी म्हणून स्कीम आहे, हिंदी येत असेल तर स्टुडंट व्हिसावरून डायरेक्ट यूएस आर्मी आणि सहा महिन्यांत सिटिझन. फाइलचे ६० हजार मागतोय. देऊ का?
(एक विद्यार्थी, कोपरखैरणे)

उत्तर: नको रे बाबा. स्कीम खरी होती, हीच ती वर म्हटलेली खास परवानगी. २००८ मध्ये मंजूर झाली, डॉक्टर-नर्स आणि ठरावीक भाषा येणारे, कायदेशीर व्हिसावर असलेले लोक घेत होते, भाषांच्या यादीत हिंदीही होती, १० हजारांवर लोक त्यातून गेले आणि काहींना खरंच ट्रेनिंग संपता संपता सिटिझनशिप मिळाली. २०१४ ला डाकावाल्या मुलांनाही त्यात घेतलं. आणि २०१६ ला नवीन भरती थांबली. सही करून बसलेले कित्येक जण बॅकग्राउंड चेकमध्ये वर्षानुवर्षं लटकले, मधल्या काळात त्यांचे व्हिसे संपले. तेव्हा हा कन्सल्टंट तुला जवळजवळ दहा वर्षांपूर्वी सुटलेल्या लोकलचं तिकीट विकतोय. त्या ६० हजारांत तिकडे पहिल्या महिन्याचं भाडं निघेल, तेही रूममेट असतील तर.

प्रश्न: मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, तो नेव्हीत जायचं म्हणतोय. आमची हरकत नाही, पण इकडचं काही अडेल का?
(खारघरचे एक वडील)

उत्तर: काका, तुमचं प्रकरण सरळ आहे, ग्रीन कार्डवाल्याला भरती होता येतं. अडेल ते पुढे. सिटिझन झाला की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, पासपोर्ट सरेंडर करायचा, हे सगळ्यांनाच माहीत असतं, आणि मग लोक म्हणतात ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, काढू की. तिथे गंमत आहे. परदेशी सैन्यात असलेल्याला ओसीआय मिळत नाही, आणि निवृत्त झालेल्यालाही नाही, नियमात तसं स्पष्ट आहे. म्हणजे चार वर्षं नेव्हीत काढून बाहेर पडला तरी आयुष्यभर तुमच्याकडे यायला व्हिसा काढूनच येणार. गणपतीला अचानक यायचं ठरलं, तिकीट काढलं आणि निघाला, असं नाही होणार. मुलाला हे माहीत आहे का विचारा, भरतीच्या ऑफिसातला माणूस हे सांगणार नाही, त्याचा तो विषयच नाही.

प्रश्न: आपल्या लोकांपैकी कोणी पूर्वी असा प्रयत्न केला होता का? सहज कुतूहल.
(निवृत्त शिक्षिका, नौपाडा)

उत्तर: केला होता ना बाई, आणि पार सुप्रीम कोर्टात गेला. भगतसिंग थिंद, पंजाबचे, १९१३ ला अमेरिकेत गेले, पहिल्या महायुद्धात १९१८ ला तिथल्या आर्मीत भरती झाले, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइसला, पगडी बांधूनच. त्याच वर्षी नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं, कारण तेव्हा ते गोऱ्यांना नाहीतर आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच मिळायचं. पुन्हा मिळवलं, सरकार कोर्टात गेलं आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हे बसत नाहीत. युद्धात होते वगैरे काही कामाला आलं नाही. मग १९३५ ला त्या युद्धातल्या आशियाई सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९३६ ला न्यूयॉर्कमध्ये थिंद तिसऱ्यांदा अमेरिकन नागरिक झाले, तेव्हा त्यांना वर्दी उतरवून १८ वर्षं होत आली होती.